सहा घटक उरले म्हणून: आइन्स्टाइनची दूरस्थ समांतरता, १९२८ ते १९३१

१० जानेवारी १९२९ रोजी अल्बर्ट आइन्स्टाइनने बर्लिनच्या प्रशियन विज्ञान अकादमीकडे एक निबंध दिला. पाने सहा, शीर्षक साधे: ‘एकीकृत क्षेत्र सिद्धांताविषयी’. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व या दोन्हींचा उगम अवकाश-काळाच्या एकाच भूमितीत आहे, असा त्यात दावा होता. ३० जानेवारीला तो छापून आला आणि जगभर गाजला. तीन वर्षे उलटायच्या आत खुद्द लेखकाने तो बाजूला ठेवला होता.

सिद्धांत चुकतात, यात नवल नाही. या प्रकरणात मात्र गणित कुठेच चुकले नव्हते, आणि लेखकाची योग्यता तर वादातीत होती. तरीही ज्या प्रश्नाने सिद्धांत कोसळला तो प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर होता. गंमत अशी की तशाच प्रकारचा प्रश्न दहा वर्षांपूर्वी आइन्स्टाइनने दुसऱ्या एकाला विचारून त्याचा सिद्धांत निकालात काढला होता. मला या प्रकरणात सर्वांत रस आहे तो इथे.

आधीचा हिशेब

तेव्हा ‘निसर्गातली सर्व बले’ म्हणजे दोनच. न्यूट्रॉन सापडला १९३२ साली. अणुकेंद्रातल्या बलांचा हिशेब त्यानंतरचा. पदार्थाचे ठाऊक असलेले मूलकण इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन. त्यामुळे दोन बले जोडली की काम झाले, असे वाटण्यात भाबडेपणा नव्हता.

आइन्स्टाइनच्या स्वतःच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षतेने गुरुत्वाकर्षणाला भूमितीत बसवले होते. मॅक्सवेलचे विद्युतचुंबकीय क्षेत्र मात्र त्या भूमितीत पाहुण्यासारखे राहत होते: अवकाश-काळ वेगळा, आणि त्यात पसरलेले क्षेत्र वेगळे. हे दुहेरीपण आइन्स्टाइनला खुपत होते, आणि तो एकटा नव्हता.

१९१८ मध्ये जर्मन गणितज्ञ हेरमान वाइलने पहिला मोठा प्रयत्न केला. वक्र अवकाशात एक बाण एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेला तर त्याची दिशा कोणत्या वाटेने नेले यावर ठरते. वाइल म्हणाला, मग लांबी तरी वाटेवर का अवलंबून नसावी? ही मोकळीक दिली की नेमके मॅक्सवेलच्या सिद्धांतातल्या चार विभवांसारखे (ज्यांतून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे निघतात त्या चार राशींसारखे) काहीतरी हाती लागते. आइन्स्टाइनला ती कल्पना अतिशय आवडली आणि त्याने ती लगेच मोडूनही काढली. त्याचा मुद्दा असा: लांबी वाटेवर अवलंबून असेल, तर घड्याळाची गतीही वाटेवर अवलंबून राहील. मग एकाच मूलद्रव्याचे दोन अणू वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतील तर त्यांच्या वर्णपटातल्या रेषा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. तशा त्या दिसत नाहीत. सोडियम कुठूनही आणा, त्याची पिवळी रेषा तिथेच असते. एका ओळीचा आक्षेप, आणि तोही निरीक्षणाचा.

त्यानंतर थिओडोर कालुझाने पाचवी मिती आणली (निबंध १९२१ मध्ये छापला, १९२६ मध्ये ऑस्कर क्लाइनने त्याला पुंजयामिकीची, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची, जोड दिली), इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनने अंतरांऐवजी समांतरतेलाच मूळ धरून पाहिले, आणि आइन्स्टाइनने १९२३ मध्ये एडिंग्टनचा, १९२५ मध्ये स्वतःचा असे दोन रस्ते चालून सोडून दिले. यांतला प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आजारपणातली कल्पना

१९२८ च्या वसंतात स्वित्झर्लंडमध्ये आइन्स्टाइन हृदयाच्या त्रासाने कोसळला. पुढचे कित्येक महिने सक्तीची विश्रांती. हेलन डुकास ही सेक्रेटरी म्हणून त्याच एप्रिलमध्ये घरी आली आणि शेवटपर्यंत राहिली. या विश्रांतीतच नवी कल्पना सुचली आणि जूनमध्ये अकादमीकडे आठवड्याच्या अंतराने दोन छोटी टिपणे गेली.

कल्पना वाइलच्या बरोबर उलट आहे. नेहमीच्या वक्र भूमितीत दूरच्या दोन बाणांची लांबी ताडून पाहता येते, दिशा मात्र येत नाही. वाइलने लांबीची तुलनाही काढून घेतली होती. आइन्स्टाइनने दिशेची तुलना परत दिली. अवकाश-काळाच्या प्रत्येक बिंदूवर एकमेकांना लंब असे चार बाण रोवलेले आहेत, असे समजायचे. मग इथला बाण आणि तिथला बाण समांतर आहेत की नाहीत हे ठरवायला वाट चालायची गरजच नाही. दोघांचे आपापल्या बिंदूवरच्या चौकटीशी नाते सारखे असेल तर ते समांतर. म्हणून नाव, दूरस्थ समांतरता.

जहाजावरचा खलाशी नकळत असेच करतो. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे, पण ध्रुव सोडले तर प्रत्येक ठिकाणी होकायंत्र उत्तर आणि पूर्व दाखवते, आणि दोन जहाजे ‘ईशान्येला’ चालली आहेत म्हटले की त्यांची दिशा एकच, असा व्यवहार चालतो. या व्यवहाराची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. २१ अंश उत्तर अक्षांशावरून १०० किलोमीटर उत्तरेला आणि मग १०० किलोमीटर पूर्वेला जा. दुसऱ्याने आधी पूर्वेला, मग उत्तरेला जावे. दोघे एका जागी पोचत नाहीत. पहिला सुमारे ६०० मीटर जास्त पूर्वेला निघतो. चौकोन बंद होत नाही. या न मिटणाऱ्या फटीला भूमितीत पीळ म्हणतात. आइन्स्टाइनच्या नव्या भूमितीत दिशा वाटेवर अवलंबून नसल्याने त्या अर्थाने वक्रता शून्य, आणि जे काही घडते ते सगळे पिळात साठलेले.

आता मोह कुठे होता ते पाहू. चार मितींत चार बाण, प्रत्येकाचे चार घटक, म्हणजे प्रत्येक बिंदूवर सोळा संख्या. अंतरे मोजायला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला, दहा पुरतात. सोळातून दहा गेले, सहा उरले. आणि विद्युतचुंबकीय क्षेत्राचे घटक किती? तीन विद्युत, तीन चुंबकीय. सहा!

प्रत्यक्ष मांडणी इतकी सरळ नव्हती. पहिल्या टिपणात त्याने पिळातून निघणाऱ्या चार संख्यांना विद्युतचुंबकीय विभव मानले होते. पण ‘जास्तीचे सहा’ हा आकडा या सिद्धांताच्या मागे सतत उभा आहे. क्षीण क्षेत्रांसाठी पहिल्या अंदाजात मॅक्सवेलची समीकरणे आणि गुरुत्वाकर्षणाचा ओळखीचा नियम दोन्ही निघत होते. एवढ्यावर कोणीही हुरळले असते.

गाजावाजा

नोव्हेंबर १९२८ पासूनच आइन्स्टाइन मोठ्या शोधाच्या उंबरठ्यावर असल्याच्या बातम्या न्यूयॉर्कमध्ये छापून येत होत्या. जानेवारीत निबंध बाहेर पडायच्या आधीच हान्स राइशेनबाख या तत्त्वज्ञ मित्राने बर्लिनच्या ‘फॉसिशे त्साइटुंग’मध्ये त्यावर लेख लिहिला, आइन्स्टाइन त्याच्यावर चिडला आणि दोघांत काही काळ कडवटपणा आला. निबंधाच्या पहिल्या हजार प्रती बघता बघता संपल्या, आणखी छापाव्या लागल्या. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने तर समीकरणांसकट पूर्ण अनुवाद वर्तमानपत्रात छापला. आर्थर एडिंग्टनने ११ फेब्रुवारीच्या पत्रात आइन्स्टाइनला गमतीने कळवले की लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानाने सहाही पाने काचेवर शेजारी शेजारी चिकटवली आहेत आणि ती वाचायला लोकांची गर्दी लोटते आहे.

या गर्दीला हसणे सोपे आहे. पण १९१९ च्या सूर्यग्रहणाने, ज्यात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकलेला दिसला होता, लोकांना एक सवय लावली होती: आइन्स्टाइन काहीतरी अगम्य लिहितो, मग कोणीतरी दुर्बीण लावतो, आणि ते खरे निघते. १९२९ मध्ये लोक पहिला भाग पाहून टाळ्या वाजवत होते. दुसरा भाग या निबंधात नव्हताच. सिद्धांताने कुठलीही मोजण्यासारखी नवी गोष्ट सांगितलेली नव्हती, आणि हे गर्दीला नाही तरी लेखकाला माहीत होते. तरी त्याने स्वतः ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यावर लोकांसाठी लेख लिहिले. पत्रकारांनी त्रास दिला हे खरे, पण सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

कार्तांचे पत्र

मे १९२९ मध्ये पॅरिसहून फ्रेंच गणितज्ञ एली कार्तांचे पत्र आले. सौम्य, पण स्पष्ट: आपण वापरलेली भूमिती माझ्या व्यापक भूमितीचा एक खास प्रकार आहे, आणि १९२२ मध्ये आपण पॅरिसला आलात तेव्हा गणितज्ञ आदामार यांच्या घरी मी आपल्याला तिचे उदाहरणही सांगितले होते. आइन्स्टाइनने लगेच मान्य केले. तेव्हा तुम्ही काय सांगत होता ते मला कळलेच नव्हते, भौतिकीत त्याचा उपयोग काय हे तर त्याहून नाही, असे त्याने प्रांजळपणे लिहिले. आम्स्टरडॅमच्या रोलांड वाइट्सेनबेक यांनीही आपले आधीचे काम कळवले होते. शेवटी आइन्स्टाइनच्या सुचवण्यावरून कार्तांनी या भूमितीच्या इतिहासावर टिपण लिहिले आणि ते १९३० मध्ये ‘मॅथेमाटिशे आनालेन’मध्ये आइन्स्टाइनच्या लेखासोबत छापले गेले. श्रेयाचा तंटा इतक्या सभ्यपणे मिटल्याची उदाहरणे थोडी.

कार्तां हे नाव आपल्याकडे आणखी एका वाटेने पोचते. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा समांतरता आणि पथ-अवकाश या विषयावरचा निबंध १९३३ मध्ये ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’मध्ये आला, आणि त्याला लागूनच कार्तांची त्या निबंधावरची टिपणी आहे. पुढे त्या भूमितीला कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धांत असे नाव पडले. कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखणाऱ्यांना हे अनेकदा ठाऊक नसते.

पुढची तीन वर्षे आइन्स्टाइन आणि कार्तां एकमेकांना सतत लिहीत होते. प्रश्न एकच: इतकी समीकरणे एकत्र नांदतील का? कारण आता आइन्स्टाइनने सोळा अज्ञातांसाठी बावीस समीकरणे मांडली होती. हा अतिरेक मुद्दाम केलेला होता. समीकरणे अज्ञातांहून जास्त असली की उत्तरांवर जास्तीची बंधने येतात, आणि पुंजांचे तुटक आकडे कदाचित या बंधनांतूनच निघतील, अशी त्याची आशा होती. पुंजयामिकीला वळसा घालून तिच्यापर्यंत पोचायची ही वाट होती. कार्तांनी कसून तपासून समीकरणे सुसंगत असल्याचे दाखवले. म्हणजे गणिताच्या बाजूने सगळे ठीक.

पण समीकरणे स्वतः बदलत होती. जून १९२८ ची वेगळी, जानेवारी १९२९ ची वेगळी. मग कोर्नेल लान्झोस आणि हेरमान म्युन्त्स या सहकाऱ्यांनी शंका काढल्यावर मार्चमध्ये हॅमिल्टनच्या तत्त्वावर (एकाच राशीचे मूल्य टोकाला नेऊन सगळी समीकरणे काढण्याच्या रीतीवर) उभी केलेली वेगळी. आणि मग ते तत्त्वही सोडून बावीस समीकरणांची. भूमिती पक्की होती, तिच्यावर कोणता नियम बसवायचा हे सांगणारे काहीच नव्हते. रोगाचे खरे लक्षण हे. व्यापक सापेक्षतेत तसे नव्हते. तिथे सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात ही गॅलिलिओपासून माहीत असलेली, प्रयोगाने घासूनपुसून पाहिलेली गोष्ट पायाशी होती, आणि समीकरणांना हलायला फार जागाच नव्हती. दूरस्थ समांतरतेच्या पायाशी असे एकही निरीक्षण नाही. आहे ते एक इच्छा आणि एक वजाबाकी.

पाउलीची पैज

भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली तेव्हा २९ वर्षांचा होता आणि झुरिकला प्राध्यापक होता. १९ डिसेंबर १९२९ ला त्याने आइन्स्टाइनला लिहिले त्याचा आशय असा: या सिद्धांतात ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेचे काय झाले? बुधाच्या कक्षेचे काय? सूर्याजवळून जाताना प्रकाश वाकतो त्याचे काय? आणि वर, वर्षभरात तुम्ही हे सगळे सोडून द्याल यावर हवी तेवढी पैज लावतो.

बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू इतर ग्रहांचा परिणाम वजा केल्यावरही शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षतेतून हा आकडा बरोबर निघाला तेव्हा आइन्स्टाइन आनंदाने बेभान झाला होता. प्रकाशाचे १.७५ विकलांनी वाकणे हे त्याच सिद्धांताचे भाकीत. नव्या सिद्धांताने जुन्या सिद्धांताची समीकरणे टाकून दिली होती. पहिल्या अंदाजापुढे, क्षेत्र तीव्र झाल्यावर, काय होते हे नव्याने दाखवणे भाग होते. बुधाचा आकडा तर पहिल्या अंदाजात येतच नाही. म्हणजे आइन्स्टाइनने आपल्याच सिद्धांताचा सर्वांत मोठा विजय गहाण ठेवून नवा सौदा केला होता आणि तो सोडवून आणण्याचे काम पुढे ढकलले होते.

त्याने पाच दिवसांत उत्तर दिले. तुमचे पत्र मजेदार आहे पण उथळ आहे. निसर्गातल्या बलांची एकता आपल्याला नीट दिसते अशी खात्री असलेल्यानेच असे लिहावे, असा सूर. वाइलच्या निबंधावर बोट ठेवणारा १९१८ चा आइन्स्टाइन पाउलीच्या बाजूने उभा राहिला असता, असे मला हे उत्तर वाचताना वाटते.

मायरसोबतचा हिशेब

पाउलीने विचारलेले काम शेवटी आइन्स्टाइनने केले, आणि इथे त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. व्हिएन्नाचा गणितज्ञ वाल्टर मायर त्याचा सहकारी झाला होता. १९३० मध्ये दोघांनी समीकरणांची दोन अचूक स्थिर उत्तरे काढून छापली. दुसऱ्यात असे दिसले की विद्युतभार नसलेली कितीही वस्तुमाने, एकमेकांपासून कितीही अंतरावर, निवांत स्थिर राहू शकतात. एकमेकांकडे ओढली न जाता.

गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात दोन दगड एकमेकांना ओढत नाहीत! दुसऱ्या कोणी असे उत्तर काढून दाखवले असते तर तिथेच पडदा पडला असता. लेखकांनी मात्र एक पळवाट ठेवली: हे दगड समीकरणांच्या दृष्टीने विलक्षण बिंदू आहेत (जिथे समीकरणेच चालेनाशी होतात असे), अशा बिंदूंच्या गतीविषयी सिद्धांत अजून काही सांगत नाही, म्हणून हा निर्णायक पुरावा नव्हे. तर्काने हे बरोबर आहे. पण १९२७ मध्ये याच आइन्स्टाइनने याकोब ग्रोमरसोबत दाखवले होते की जुन्या सिद्धांतात वस्तूंची गती क्षेत्राच्या समीकरणांतूनच निघते, वेगळी सांगावी लागत नाही. तो गुण नव्या सिद्धांतात हरवला होता.

१९३१ च्या ऑक्टोबरपर्यंत आइन्स्टाइन आणि मायर चार मितींच्या जगाला पाच घटकांचे बाण जोडणाऱ्या आणखी एका सिद्धांताकडे वळले होते. दूरस्थ समांतरतेचा मृत्युलेख कोणी लिहिला नाही. पाउलीने छापील टोमणा मारला की आइन्स्टाइनची कल्पकता आपल्याला वर्षाला सरासरी एक सिद्धांत देते आणि प्रत्येक सिद्धांत काही काळ त्याला अंतिम वाटतो. २२ जानेवारी १९३२ ला आइन्स्टाइनने पाउलीला कळवले की तू म्हणत होतास तेच खरे, लबाडा. पैजेची मुदत तोवर केव्हाच टळली होती. काटेकोरपणे पाहिले तर पाउली हरला होता. त्याने ते उकरून काढल्याचे दिसत नाही.

तीच चौकट, दुसऱ्या हातात

या प्रकरणाचा एक धागा १९२९ मध्येच, बर्लिनच्या बाहेर आहे. आदल्या वर्षी पॉल डिरॅकने इलेक्ट्रॉनचे समीकरण दिले होते. ते समीकरण वक्र अवकाश-काळात लिहायचे तर प्रत्येक बिंदूवर चार बाणांची चौकट लागतेच. नुसत्या अंतरांनी भागत नाही. म्हणजे आइन्स्टाइनचे हत्यार भौतिकीला खरोखर हवे होते, वेगळ्या कामासाठी.

हे वाइलने पाहिले. व्लादिमिर फॉकही त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. वाइलने ‘इलेक्ट्रॉन आणि गुरुत्वाकर्षण’ या निबंधात चौकट घेतली, पण दूरच्या चौकटी एकमेकींना बांधून टाकण्याची आइन्स्टाइनची अट साफ नाकारली. प्रत्येक बिंदूवरची चौकट हवी तशी फिरवता आली पाहिजे, निसर्गाला त्याने फरक पडत नाही. आणि मग त्याने आपली १९१८ ची जुनी कल्पना बाहेर काढली. वाटेवर अवलंबून राहते ती लांबी नाहीच. ती आहे इलेक्ट्रॉनच्या तरंगाची कला (फेज), म्हणजे तरंग आपल्या चढउतारात कुठे आहे ते. सोडियमच्या रेषेचा आक्षेप कलेला लागू होत नाही, आणि विद्युतचुंबकत्व त्या मोकळिकीतून आपसूक येते. पाउलीने आधी वाइलची टर उडवली होती. ऑगस्ट १९२९ च्या पत्रात त्याने मान्य केले की आता तुमची सूड घ्यायची वेळ आली आहे. आजच्या कणभौतिकीतली सगळी गेज-क्षेत्रे, म्हणजे अशाच मोकळिकीतून निघणारी बलांची क्षेत्रे, या निबंधाचे वंशज आहेत. एकाच वर्षात, एकच चौकट घेऊन दोघे निघाले. एकाजवळ इलेक्ट्रॉन होता, दुसऱ्याने त्याच्याकडे बघायचे नाकारले होते.

दूरस्थ समांतरता पुढे मेली नाही. १९६० च्या आसपास क्रिस्टियान म्योलरने ती गुरुत्वीय ऊर्जेच्या प्रश्नासाठी पुन्हा उचलली, आणि आता पीळ वापरून व्यापक सापेक्षता जशीच्या तशी लिहिता येते हे सर्वमान्य आहे. बुधाचे ४३ विकलाही त्यातून बरोबर येतात. समीकरणे निवडताना अट एवढीच की उत्तर आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताशी जुळले पाहिजे. त्या मांडणीत सोळातले दहा घटक गुरुत्वाकर्षण सांभाळतात. उरलेले सहा म्हणजे चौकट कशी वळवून धरायची याची आपली मोकळीक, आणि त्यांच्यात वीज नाही, चुंबकत्वही नाही.